बसल्या नजरेची खिडकी

१६ जानेवारी

प्रिय दादा,

हा मेल तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. तुझा जुना नंबर लागत नाही, नवा तू आम्हाला दिला नाहीस. पत्ता तुमच्या कंपनीच्या वेबसाइटवर मिळाला, तुझ्या फोटोखाली. दाढी ठेवलीस वाटतं. आईला दाखवला फोटो. तिनं फोनची काच पदरानं पुसली आणि परत बघितला. 

घरी ये म्हणायला लिहीत नाहीये, घाबरू नको. एक काम आहे. पाटोद्याच्या रस्त्यालगत, आपल्या खालच्या रानात, अण्णांनी नवं घर बांधायला काढलंय. बंकट मिस्त्रीकडं काम आहे. त्याची निम्मी माणसं ऊसतोडीला गेलीत, म्हणून सध्या जोत्यापर्यंतच आलंय. हे घर आतून कसं दिसणार ते अण्णांना आत्ताच बघायचंय. मी बीडला इंटिरियरच्या क्लासला जात होते हे तुला माहीत नसेल. आता क्लास बंद केलाय, घरीच व्हिडिओ बघून शिकते. तू ठेवून गेलेला लॅपटॉप आहे, त्याच्यावर खोल्यांची चित्रं करायचं ब्लेंडर सॉफ्टवेअर चालतं, पण रडतखडत.

सोबत बैठकीच्या खोलीचं चित्र जोडलंय. व्हॉट्सॲपवर चित्र दबून जातं, म्हणून मेल. सगळं मापात घेतलंय, सोफा आहे, पंखा आहे, फरशी आहे. तरी खोटं दिसतं. का खोटं दिसतं ते मला सांगता येत नाही. अण्णांनी बघितलं आणि म्हणाले, "हे दवाखान्यावानी दिसायलंय."

घरांची अशी चित्रं करणं हा तुझा धंदाच आहे, म्हणून विचारते. मी तुला लिहितेय हे अण्णांना माहीत नाही. तू नाही लिहिलंस तरी चालेल.

नंदा


२९ जानेवारी

दादा,

"भिंती इतक्या पांढऱ्या नसतात. आणि उजेड कुठून येतोय?" चित्राबद्दल एवढंच लिहिलंस. वर नाव नाही, खाली नाव नाही. तरी मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्याचंच आहे.

उजेडाचं तू बरोबर धरलंस. मी छताच्या मधोमध एक दिवा टांगला होता आणि चारी कोपरे सारखेच उजळून निघाले होते. आता तो काढून टाकलाय. बाहेर सूर्य ठेवलाय, खिडकीतून ऊन फरशीवर पडतं आणि तिथून उडून भिंतीला लागतं. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी लॅपटॉप उचलून आईकडं स्वयंपाकघरात पळाले. मग भिंतीचा रंग बदलला. आपल्या घरातल्या भिंती नीट बघितल्या तर त्या कुठंच पांढऱ्या नाहीत रे. खाली फडक्याच्या पाण्यानं मळकट, बटणाजवळ बोटांनी काळ्या, आणि खिडकीपाशी जरा निळसर. आजपर्यंत मी कधी बघितलंच नव्हतं.

एक चित्र तयार व्हायला अख्खी दुपार जाते, आणि मधेच लाइट गेली की पहिल्यापासून. नवं चित्र जोडलंय.

तू विचारलंस, अण्णांना घर बघायचंय तर रानात जाऊन का बघत नाहीत, दहा मिनिटांचा रस्ता आहे. तिथं सध्या लई धूळ आहे. नुसते दगड आणि खड्डे. म्हणून नाही जात.

नंदा


१८ फेब्रुवारी

दादा,

या वेळी तू अर्धं पान लिहिलंस. मी ते चार दिवस पुरवून वाचलं.

कडांचं आधी सांगते. जगात कुठलीच कड सुरीसारखी नसते असं तू लिहिलंस. मग मी टेबलाची, दाराच्या चौकटीची, अगदी भिंतीखालच्या फरशीच्या पट्टीचीही कड थोडी थोडी घासून गोल केली. तिथं आता उजेडाची बारीक रेघ उमटते आणि वस्तूला वजन आल्यासारखं वाटतं. फरशीवर एकच डाग दर चौथ्या फरशीवर येत होता, तोही काढला. सोफ्याची गादी मधे दाबली. आपल्या दिवाणाची दबलीय तशीच.

खुर्च्यांचं मात्र तुझ्याआधी अण्णांनीच पकडलं. चित्र बघून म्हणाले, "एवढ्या सरळ खुर्च्या मंत्री यायच्या आदीच असत्यात. माणसं येऊन बसून गेल्यावर कशा ऱ्हातील तशा मांड." मी एक खुर्ची वाकडी केली, एक भिंतीला टेकवली, एकीच्या पाठीवर टॉवेल टाकला. ते बघून अण्णा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. म्हणाले, "कोण बसून गेलं गं हितं?"

त्यांना वाटतं, हे सगळं मला क्लासनं शिकवलं. क्लास चांगला होता म्हणतात.

तुझी आणखी एक तक्रार आहे. दारं लई रुंद झालीत, उंबरे नाहीत, बटणं कमरेच्या खाली आलीत, आणि न्हाणीचं दार थेट बैठकीत कुठं कोणी काढतं का. माप चुकलंय, पहिल्यांदा शिकणाऱ्यांचं नेहमी चुकतं, असं तू लिहिलंस. दारं तशीच राहू देत. अण्णांनी सांगितलंय तशीच आहेत. पडद्याला चुण्या कशा घालायच्या तेवढं सांग. माझा पडदा पत्र्यासारखा दिसतो.

तुझी नंदा


९ मार्च

दादा,

पडद्याचं तू काहीच सांगितलं नाहीस. फक्त विचारलंस, "इतकं रुंद दार कुणासाठी? खरं सांग."

लिहायला बसले आणि दोनदा उठले. आई म्हणाली, लिही, मी बघते काय होतंय ते.

पोळा झाल्यावर दोन दिवसांनी अण्णांच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी तोंड धुताना तांब्या हातातून पडला, आणि ते भिंतीला धरून खाली बसले. बीडला नेलं. जीव वाचला, बोलणं परत आलं, उजवा हात चांगला चालतो. डावा हात आणि डावा पाय मात्र आले नाहीत. चाकाची खुर्ची आहे. आपलं घर उंच जोत्यावर, त्या पायऱ्यांवरून खुर्ची उतरवायला दोन गडी लागतात आणि अण्णांना कुणी उचललेलं चालत नाही. म्हणून ते मधल्या खोलीत असतात. अख्खा हिवाळा तिथंच गेला, आता उन्हाळाही तिथंच जाईल. पहाटेपासून ओट्यावर बसून गावाला हाक मारणारा माणूस, दादा. आता बाहेरून कुणाचा आवाज आला की मला विचारतात, कोण होतं.

म्हणून नवं घर. म्हणून उंबरे नाहीत. म्हणून ते रानात जाऊन बघत नाहीत आणि मी चित्रं करते. माझी मापं चुकलेली नाहीत.

तुला कळवायचं नाही असं त्यांनी दवाखान्यातच बजावलं होतं. जीभ जड होती तरी हेच पहिलं बोलले. "तानाजीला सांगू नका. मी धडधाकट होतो तवा त्यो आला न्हाई. आता कीव करून यायला नको." बाजार समितीच्या निवडणुकीच्या त्या अर्जाचं त्यांच्या मनात अजून आहे. गाड्या भरून माणसं नेली होती, हार आणले होते, आणि ज्याच्या नावाचा अर्ज भरायचा तो सकाळच्या एसटीनं पुण्याला निघून गेला. तुला निवडणूक नको होती हे मला तेव्हाही कळत होतं. आईलाही कळत होतं. त्यांना कुणी सांगायचं?

एवढंच. आता तू काय करायचं ते तू ठरव. पण लगेच धावत येऊ नको, एवढं माझं ऐक. तू दारात दिसलास तर ते भिंतीकडं तोंड करतील, आणि मग मला पुढचा रस्ता सापडणार नाही.

नंदा


२४ मार्च

दादा,

तू इतके दिवस गप्प होतास. आई रोज विचारायची, मी रोज कॉम्प्युटर बिघडलाय म्हणायची. मग काल तुझं आलं. सगळी फाइल पाठव, आणि अण्णा खुर्चीत बसले की जमिनीपासून त्यांच्या डोळ्यांपर्यंत किती होतं ते मोजून कळव.

फाइल पाठवणं सोपं होतं. माप कसं घ्यायचं याचा मला काही मार्ग सुचेना. झोपल्यावर घेता येत नाही, बसलेलंच पाहिजे. शेवटी दुपारी टेप घेऊन त्यांच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसले. त्यांना वाटलं मी चाक बघतेय. टेप वर ओढला तेव्हा म्हणाले, "कावून मोजायलीस?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून आलं ते हे, की दादानं मागितलंय.

आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. अण्णा माझ्याकडं बघेनात. दाराकडं बघत बसले. मग विचारलं, त्याला कुणी सांगितलं. मी म्हणाले, मी. आता ओरडतील म्हणून मी टेप गुंडाळायला लागले.

ते ओरडले नाहीत. म्हणाले, "ह्या चित्रातल्या चुका बी त्योच काढत व्हता का?"

मी हो म्हणाले.

"वाटलंच मला. क्लासच्या मास्तरला एवढी खोट काढणं जमत न्हाई."

 मग आईला म्हणाले, टोपी दे. आईनं पिठाचे हात पुसून खुंटीवरची टोपी आणली. दवाखान्यातून आल्यापासून ती त्यांनी घातली नव्हती. उजव्या हातानं घातली, नीट बसवली. मग त्याच हातानं डावा खांदा धरून वर ओढला, कारण तो खाली लोंबतो. पाठ सरळ केली. मानेची शीर ताठ झाली होती, त्यांना त्रास होत होता.

"आता मोज," म्हणाले. "वाकलेलं माप देऊ नको त्याला."

माप फाइलसोबत लिहून पाठवलंय. पण दादा, ते सारखे असे बसत नाहीत. थोडं कमी धर.

नंदा


३ एप्रिल

दादा,

दोन्ही चित्रं मिळाली. काय झालं ते सगळं सांगते, नाहीतर तू विचारत राहशील.

पहिलं चित्र मला आधी कळलंच नाही. माझीच खोली, माझाच सोफा, पडद्याला तू सुरेख चुण्या घातल्यास, पण सगळं जरा वर गेल्यासारखं. अण्णांना दाखवलं तर त्यांनी विचारलं, जमीन खचली का. मी त्यांना समजावलं की कॉम्प्युटरच्या खोलीत आपण कुठं उभं राहून बघतो ते ठरवावं लागतं. मी इतके दिवस उभ्या माणसाच्या डोळ्यांनी दाखवत होते. दादानं नजर खाली आणलीय, तुमच्या खुर्चीतून जेवढी असते तेवढी.

ते जवळ सरकले. खिडकीवर बोट ठेवलं. "आभाळच दिसायलंय नुसतं," म्हणाले.

खरंच तेवढंच दिसत होतं. आभाळ आणि विजेची तार. मी तीन महिने ती खिडकी करत होते. तिच्यातून ऊन कसं येतं ते बघितलं, काचेवर धूळ टाकली, पण त्यांना तिच्यातून काय दिसेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मग दुसरं चित्र उघडलं. खिडकी गुडघ्यापर्यंत खाली आलेली, आणि बाहेर तू रस्ता घातलास. वळण, बाभळी, पलीकडं थांब्याचं शेड. तुला ते सगळं आठवतं होय? वाकडा खांबसुद्धा.

अण्णांनी बोटानं तो रस्ता वळणापासून थांब्यापर्यंत गिरवला. आई मागून बघत होती. अण्णा म्हणाले, "हितून एसटी दिसंल." मग, "माणसं उतरताना दिसतील."

लगेच बंकटला बोलावलं. बाकीच्या भिंती कमरेला आल्यात, रस्त्याकडची तेवढी याच आठवड्यात वर जाणार होती. बंकटनं लॅपटॉपवर बघितलं आणि मान हलवली. रस्त्याकडची खिडकी चार फुटांवरच असते, म्हणाला. इतकी खाली ठेवली तर येणाऱ्याजाणाऱ्याला घरातलं माणूस दिसतं.

अण्णा म्हणाले, "मला दिसायचंच हाय."

बंकटचं तरी समाधान होईना. पावसाचं पाणी आत येईल, गज कसे बसवायचे, वर पावसाचा झाप किती बाहेर काढायचा, हे चित्रावरून सांगता येत नाही म्हणाला. तेव्हा अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "मला ह्यातलं कळत न्हाई. ज्यानं काढलंय त्यानं येऊन मिस्त्रीला सांगावं. तसं लिही त्याला. त्यो येईस्तोवर त्या भिंतीला इट लागणार न्हाई."

बंकट म्हणाला, माझी माणसं बसून राहतील. अण्णा म्हणाले, बसू दे.

हे त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिलेत. यात ये असं कुठं म्हटलेलं नाही हे मलाही दिसतं. तरी ये.

नंदा


११ मे

दादा,

पोचलास ते कळलं. तू निघताना घाईत होतास, म्हणून काही गोष्टी तुला दिसल्या नाहीत.

तू आलास त्या दिवशी अण्णा सकाळीच टोपी घालून बसले होते. तू पाया पडलास तेव्हा त्यांनी हात तुझ्या डोक्यावर ठेवला नाही, हे तू नंतर मला म्हणालास.  तू त्यांच्या डाव्या बाजूला वाकलास रे. तो हात त्यांना उचलता येत नाही. त्यांनी दुसरा आणेपर्यंत तू उठलास. मी बघितलं.

तू आणि बंकटनं खुर्ची पायऱ्यांवरून उतरवली आणि त्यांनी ती उतरवू दिली, याचं आईला अजून नवल वाटतं. गड्यांना ते हात लावू देत नव्हते.

रानात तू आणि अण्णा दिवसभर खिडकीचंच बोललात. मी विटांच्या ढिगावर बसून ऐकत होते. गज आडवे की उभे, झाप दोन फूट की अडीच. मला वाटायचं आता कुणीतरी दुसरं काही बोलेल. आणि मग ऊन तापलं तेव्हा अण्णा म्हणाले, "त्या दिवशी बाजार समितीपुढं असंच ऊन व्हतं." तू हातातला टेप खाली ठेवलास. विचारलंस, तुम्ही किती वेळ उभे होता. ते म्हणाले, "दुपार टळंपतुर. कचेरी बंद व्हईपतुर वाट बघितली." तू म्हणालास, "मला तुमच्यासमोर न्हाई म्हणता येत नव्हतं, अण्णा." त्यावर तू ठेवलेला टेप त्यांनी मांडीवर घेतला, आणि तुला म्हणाले, सावलीला बस. तू गेलास आणि त्यांच्या खुर्चीच्या सावलीत जमिनीवर बसलास. बंकटनं तेव्हा तोंड फिरवून घमेलं धुवायला घेतलं. ते स्वच्छच होतं.

तू गेलास त्यानंतर चार दिवसांनी खिडकीची चौकट बसली. अण्णांना मी आणि बंकटनं टेम्पोतून नेलं. खोलीला अजून छत नाही, गिलावा नाही. खुर्ची खिडकीपुढं लावली. बीडची एसटी आली, थांब्यावर एक बाई बोचकं घेऊन उतरली. अण्णांनी तिला नाव घेऊन हाक मारली. तिनं इकडंतिकडं बघितलं, मग नुसत्या विटांच्या घरात बसलेले अण्णा दिसले तशी रस्ता ओलांडून आली. खिडकीशी उभी राहून, तब्येत कशी हाय, लेकरं कुठं असतात, सगळं विचारून गेली. एक पुण्याला असतो, म्हणाले अण्णा. परवा येऊन गेला.

ऊन चढलं म्हणून आम्ही निघालो, तर त्यांनी मागच्या खोलीपाशी खुर्ची थांबवायला लावली. नकाशात ती धान्याची खोली आहे. बंकटला म्हणाले, इथं पण खिडकी ठेव. बंकट म्हणाला, धान्याला खिडकी कशाला, घुशी येतील. अण्णा माझ्याकडं वळले. मला म्हणाले, "तानाजीला इचार, त्याला कोणत्या भिंतीला खिडकी पायजे."

मी विचारतेय. पण उत्तर मला मेलवर पाठवू नको. त्यांनाच फोन कर. चार्ज करून त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलाय, आणि तुझा नवा नंबर मी त्यात घातलाय.

तुझी,
नंदा